येथे अडथळे बांधून मिळतील

महाराष्ट्रात वेबसाइट नुसती सुरू होत नाही, तिचं लोकार्पण होतं. हॉल घेतला जातो, समई पेटते, शाल-श्रीफळ होतं आणि मग प्रमुख पाहुणे टाळ्यांच्या गजरात लॅपटॉपवरचं एक बटण दाबतात. पडद्यावर मुख्य पान उजळतं. वरच्या बाजूला पाच फोटो एकामागून एक सरकू लागतात, त्यांतल्या तीन फोटोंत प्रमुख पाहुणेच असतात. फोटोंच्या खालून एक ओळ उजवीकडून डावीकडे धावत असते. तिच्या टोकाला 'नवीन' ही लाल अक्षरं लुकलुकतात आणि ती सूचना गेल्या मार्चमधली असते. या पानावरचं बटण कुठलाही त्रास न होता दाबू शकलेला पहिला माणूस म्हणून पाहुण्यांची नोंद व्हायला हरकत नाही. त्यांना बटण शोधावं लागलं नाही. ते आयोजकांनी आधीच कर्सर नेऊन ठेवून हातात दिलं होतं. पुढच्यांना ते शोधावं लागतं, वाचावं लागतं, आणि दाबल्यावर ते दाबलं गेलं की नाही, हेही स्वतःच ओळखावं लागतं.

सरकत्या फोटोंचा मान मोठा. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या वेब विभागातले एरिक रन्यन यांनी २०१३च्या सुमारास मोजून पाहिलं, तेव्हा अशा सरकत्या चित्रांवर जेमतेम एक टक्का लोक क्लिक करत असल्याचं दिसलं, आणि त्यांतलेही बहुतेक पहिल्याच चित्रावर. म्हणजे पाचव्या फोटोत जागा मिळालेल्या उपाध्यक्षांना प्रत्यक्षात कोणी पाहत नाही. पण हे त्यांना सांगायचं कोणी?

गंमत अशी, की वेबपान जन्माला येतं ते सगळ्यांसाठी उघडंच. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत बनवलेलं जगातलं पहिलं वेबपान १९९१मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. त्यात शीर्षक होतं, मजकूर होता, लिंका होत्या आणि चित्र एकही नव्हतं. सर्नने जपलेली त्याची प्रत आजही उघडते. अंध माणसाला पडदा वाचून दाखवणारा आजचा स्क्रीन रीडर ती न अडखळता वाचतो. माउस नसला तरी ते पान कीबोर्डवर चालतं, मोबाइलवर उघडतं, आणि एका काडीच्या नेटवर्कवरही येऊन पोचतं. म्हणजे काहीच केलं नाही तर वेबपान सुगम्य असतं. ते दुर्गम करायला माणसं लागतात, बजेट लागतं आणि किमान तीन मीटिंगा लागतात.

साधं बटण घ्या. एचटीएमएलमध्ये बटणासाठी 'बटन' याच नावाचा टॅग आहे. तो वापरला की टॅब दाबत दाबत बटणापर्यंत जाता येतं, एंटर किंवा स्पेस मारली की ते दाबलं जातं आणि स्क्रीन रीडर 'सबमिट, बटण' असं स्वच्छ सांगतो. हे सगळं फुकट. पण फुकटचं घेणं डेव्हलपरच्या स्वाभिमानाला सोसत नाही. तो 'डिव्ह' नावाचा, स्वतःचा काहीच अर्थ नसलेला एक डबा घेतो. त्याला रंग देतो, कोपरे गोल करतो, खाली सावली पाडतो आणि क्लिक केल्यावर काय व्हावं याचा कोड चढवतो. दिसायला हुबेहूब बटण. फक्त टॅब तिथे थांबत नाही, एंटरला ते दाद देत नाही आणि स्क्रीन रीडरच्या लेखी तिथे 'सबमिट' हा एक सुटा शब्द पडलेला आहे. मग तक्रार येते. मग त्याच डिव्हला टॅबने पोचता यावं, एंटर कळावं, स्पेस कळावी आणि आपण बटण आहोत हे जगाला सांगता यावं, म्हणून आणखी कोड लिहिला जातो. या सांगण्यासाठी 'एरिया' नावाची खास तांत्रिक पुरवणी आहे. तिचा पहिलाच नियम असा, की साध्या टॅगने भागत असेल तर ही पुरवणी वापरू नका. पुरवणी सगळे वापरतात. पहिला नियम वाचायचा राहून जातो.

अमेरिकेतली वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख मुख्यपानं यंत्राने तपासते. २०१९मध्ये त्यांतल्या ९७.८ टक्के पानांवर सुगम्यतेचे दोष आढळले, २०२५मध्ये ९४.८ टक्के पानांवर. सहा वर्षांत बरोबर तीन टक्क्यांची प्रगती. हाच वेग टिकला, तर साधारण २२१५ सालापर्यंत जगातली सगळी मुख्यपानं सुधारलेली असतील, आणि त्याही समारंभाला समई पेटेल. यात खटकणारी गोष्ट ही, की सापडलेल्या दोषांपैकी ९६ टक्के फक्त सहा प्रकारांत बसतात: पुसट अक्षरं, वर्णन नसलेली चित्रं, नाव नसलेले रकाने, रिकाम्या लिंका, रिकामी बटणं आणि पानाची भाषा न सांगणं. यातलं काहीही दुरुस्त करायला पीएचडी लागत नाही.

पहिला मान पुसट अक्षरांचा. तपासलेल्या पानांपैकी सुमारे ७९ टक्के पानांवर ती असतात. वेब कन्सॉर्शियमच्या मार्गदर्शक सूत्रांनुसार, म्हणजे डब्ल्यूसीएजीनुसार, नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांतला फरक किमान ४.५ ला १ हवा. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ ला १. डिझायनरच्या आवडीचा सौम्य राखाडी रंग बऱ्याचदा तीनच्याही खाली येतो. हा रंग ठरवणारा मुलगा सव्वीस वर्षांचा असतो, खराडीच्या वातानुकूलित ऑफिसात सत्तावीस इंची मॉनिटरसमोर बसलेला असतो आणि त्याला खरोखरच सगळं दिसतं. तेच पान मे महिन्यात सोलापूरच्या एसटी स्टँडवर, तडा गेलेल्या मोबाइलवर उघडलं जाणार आहे, ही बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली नसते.

"हे रकान्यात काय लिहिलंय? मला वाचता येत नाही," क्लायंट म्हणतो.

"सर, तो प्लेसहोल्डर आहे. टाइप करायला लागलात की जातो."

"पण आधी वाचल्याशिवाय टाइप काय करू?"

"सर, ब्राइटनेस वाढवून बघता का जरा?"

ब्राइटनेस वाढवून रकान्यात 'वडिलांचे/पतीचे नाव' असं लिहिल्याचं कळतं. पहिलं अक्षर टाइप होताच ते नाहीसं होतं, आणि वडिलांचं लिहायचं ठरलं होतं की पतीचं, याचा विचार करत एक बाई पुन्हा सगळं खोडते.

जन्मतारखेचं कॅलेंडर ही आणखी एक सोय. ते उघडतं चालू महिन्यात, आणि मागे जायला एक बारीकसा बाण असतो. जानेवारी १९५२मध्ये जन्मलेल्या आजोबांना जानेवारी २०२६मधून आपल्या जन्मापर्यंत पोचायला तो बाण ८८८ वेळा दाबावा लागतो. आजोबा निवृत्त आहेत, चिकाटीचे आहेत. एकोणीसशे एकाहत्तरपर्यंत ते पोचतातही. तेवढ्यात 'आपले सत्र संपले आहे' अशी पाटी येते आणि आजोबा पुन्हा वर्तमानात आदळतात. मुदत संपण्याआधी निदान २० सेकंद इशारा द्यावा आणि साध्या कृतीने ती वाढवता यावी, ही सोय सूत्रांमध्ये २००८पासून लिहिलेली आहे. आणि तारीख टाइप करायला तीन साधे रकाने देण्याला कोणत्याही सूत्राची बंदी नाही.

पण खरी करमणूक कानाची. जॉज हा जुना प्रसिद्ध स्क्रीन रीडर टेड हेंटर यांनी १९८९मध्ये बाजारात आणला. ते मोटारसायकल शर्यतपटू होते आणि अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६मध्ये लिहायला घेतला. भारतातले असंख्य अंध विद्यार्थी तोच वापरतात आणि तो मराठीही वाचतो. सरावलेले लोक त्याचा वेग इतका वाढवतात, की शेजारी बसलेल्या डेव्हलपरला यंत्र बिघडल्यासारखं वाटतं. शिवाय ते पान पहिल्या ओळीपासून ऐकत बसत नाहीत. एच दाबून शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारतात, किंवा लिंकांची यादी मागवतात.

आता ही यादी ऐकावी. "येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. अधिक वाचा. अधिक वाचा. येथे क्लिक करा." क्लिक कशावर करायचं आणि अधिक काय वाचायचं, हे लिहिणाऱ्याला दिसत होतं, म्हणून त्याने ते लिहिलं नाही. पुढे लिंक असलेला एक फोटो येतो. त्याला वर्णन दिलेलं नाही, म्हणून बिचारा स्क्रीन रीडर फाइलचं नाव वाचतो: "आयएमजी डॅश दोन शून्य दोन तीन शून्य आठ एक पाच डॅश डब्ल्यूए शून्य शून्य एक दोन." एवढ्यावरून जाणकाराला कळतं, की हा फोटो १५ ऑगस्टचा असून व्हॉट्सॲपवरून आला आहे. झेंडावंदन कोणाच्या हस्ते झालं, ते मात्र कळत नाही.

मराठीचे हाल याहून वेगळे. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटांत टाइप होत असे, आणि त्यांतला बराचसा अजून वेबवर आणि पीडीएफमध्ये नांदतो आहे. या फाँटांत आतून असतात इंग्रजी अक्षरं. वरून फक्त त्यांना देवनागरीचा पोशाख चढवलेला. कृतिदेव फाँटमध्ये 'महारा'पर्यंत जायला कीबोर्डवर ई, जी, के, जे, के दाबावं लागतं. डोळ्यांना पोशाख दिसतो; स्क्रीन रीडर थेट आतला ऐवज वाचतो. त्यामुळे डोळसांसाठी जो महाराष्ट्र, तो अंध वाचकासाठी 'ईजीकेजेके' या नावाचा एखादा पूर्व युरोपातला देश होतो.

कधी मजकूर युनिकोडमध्ये असतो, पण पानाचा साचा परदेशी टेम्प्लेटवरून उचललेला असतो. त्यात वरच 'भाषा: इंग्रजी' अशी नोंद असते आणि ती बदलायचं कोणाच्या ध्यानात येत नाही. मग अस्सल मराठी परिपत्रक इंग्रजी आवाजाच्या स्वाधीन होतं. त्या आवाजाला देवनागरी येत नसेल, तर तो आकडे आणि विरामचिन्हं तेवढी वाचून पुढे जातो. आणि परिपत्रक टाइप करून, त्याची प्रिंट काढून, सही-शिक्का मारून, पुन्हा स्कॅन करून पीडीएफ म्हणून चढवलं असेल, तर प्रश्नच मिटतो. कागदाचा तो फोटो आहे. स्क्रीन रीडर पान रिकामं असल्याचं जाहीर करतो. संगणकात आधीच असलेला मजकूर वाचता येऊ नये म्हणून पाच पायऱ्या चढायच्या, याला निष्काळजीपणा म्हणणं म्हणजे त्या मेहनतीचा अपमान आहे.

सरकारने काही केलंच नाही, असं नाही. भारत सरकारच्या वेबसाइटांसाठी मार्गदर्शक तत्त्वं २००९मध्ये आली, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३मध्ये निघाली. त्यांची खूण म्हणून बहुतेक सरकारी पानांच्या माथ्यावर 'ए अधिक, ए, ए वजा' अशी तीन अक्षरं बसलेली असतात. अक्षर मोठं करायची सोय ब्राउझरमध्ये कधीपासूनच आहे, आणि ज्याला खरोखर गरज असते त्याने ती आधीच वापरलेली असते. कारण नाहीतर ती तीन बारीक अक्षरं त्याला दिसली नसती. शेजारी 'स्क्रीन रीडर ॲक्सेस' अशी लिंक असते. ती उघडली की कुठकुठले स्क्रीन रीडर कुठून मिळवावेत याचा तक्ता येतो. म्हणजे ज्याच्याकडे स्क्रीन रीडर नाही, अशा अंध माणसाने तो तक्ता वाचून स्क्रीन रीडर मिळवायचा आहे. अनेक ठिकाणी या तक्त्यात विंडो-आइज हे नाव अजून दिमाखात आहे. ते सॉफ्टवेअर २०१७मध्ये बंद झालं.

खासगी कंपन्यांचा मार्ग याहून सोपा: पानाच्या कोपऱ्यात व्हीलचेअरचं निळं चिन्ह आणून चिकटवायचं. कोडची एक ओळ टाका, आमची कृत्रिम बुद्धिमत्ता तुमची साइट आपोआप नियमांत बसवील, असं विकणारे सांगतात. पोपडे आलेल्या भिंतीवर कॅलेंडर टांगावं, तसा हा प्रकार. आतला डिव्ह डिव्हच राहतो. असलं उत्पादन विकणाऱ्या ॲक्सेसिबी या कंपनीवर फसव्या दाव्यांचा ठपका ठेवून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५मध्ये तिला दहा लाख डॉलर भरायला लावले.

शिवाय दाराशी उभा असतो कॅप्चा. समोरचा माणूस आहे की यंत्र, हे ओळखायची ही परीक्षा. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लुई फॉन आन आणि सहकाऱ्यांनी तिला हे नाव दिलं. आपल्याकडच्या माणसाने माणूस ठरण्यासाठी अमेरिकन फुटपाथवरचे अग्निशामक नळ ओळखायचे असतात. असा नळ जन्मात न पाहिलेला बार्शीचा व्यापारी तीनदा यंत्र ठरतो. ज्याला चित्रं दिसतच नाहीत, त्याच्यासाठी आवाजाचा पर्याय असतो, असलाच तर. त्यात मुद्दाम मिसळलेल्या खरखरीतून शब्द ओळखायचे. २०२४मध्ये झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या संशोधकांनी चित्रांचा हा पेपर यंत्राकडून सोडवून घेतला, तेव्हा यंत्र शंभर टक्के उत्तीर्ण झालं. आता नापास होण्यासाठी फक्त माणसं उरली आहेत.

माणूस असल्याचं सिद्ध झालं, तरी तो जिवंत आहे का, हा प्रश्न राहतोच. बँकेच्या डिजिटल केवायसीत त्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगतात. २०२३मध्ये ॲसिड हल्ल्यातून वाचलेली एक महिला खातं उघडायला बँकेत गेली. हल्ल्यात तिच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली होती, मिचकावणं शक्य नव्हतं. ती समोर उभी होती, बोलत होती, कागदपत्रं दाखवत होती. पण ॲपला मिचकावणं हवं होतं, त्यामुळे खातं अडलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सोबत एका अंध वकिलाची याचिका होती: चेहरा चौकटीत नीट आणा, प्रकाश तपासा, ओटीपी संपायच्या आत भरा, असल्या आज्ञा पडदा न दिसणाऱ्याने कशा पाळायच्या? ३० एप्रिल २०२५ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने डिजिटल सुविधा वापरता येणं हा संविधानाच्या अनुच्छेद २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आणि वीस निर्देश दिले. जिवंतपणा तपासायला मिचकावण्याखेरीज दुसरे मार्ग ठेवा, हा त्यांतला एक. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला हे लेखी सांगावं लागलं.

तेवढी वेळ येण्याआधी कायदा होताच. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६चा. पण सुगम्यतेच्या मानकांचा त्याखालचा २०१७चा नियम न पाळल्यास काय, हे स्पष्ट नव्हतं. सगळा मामला शिफारशीचा. ८ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक मानकं आखायला केंद्राला तीन महिने दिले. २०११च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी अपंग व्यक्ती आहेत. वयाने चष्म्याचा नंबर वाढलेले, हात प्लॅस्टरमध्ये असलेले, कडेवर मूल घेऊन एका अंगठ्याने वीजबिल भरणारे त्या आकड्यात धरलेले नाहीत.

एवढं सांगून झाल्यावर क्लायंट ठेवणीतला मुद्दा काढतो: खर्च. या मुद्द्याची एक ऐतिहासिक परीक्षा सिडनीत झाली आहे. २०००च्या ऑलिम्पिकची वेबसाइट वापरता येत नाही, अशी तक्रार ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने १९९९मध्ये केली. मागणी माफक होती: चित्रांना वर्णन द्या, खेळांच्या यादीपर्यंत जायची वाट द्या, निकालांचे तक्ते वाचता येतील असे करा. संयोजन समितीने सांगितलं, की एका माणसाने दिवसाला आठ तास खपलं तर ३६८ दिवस लागतील आणि सुमारे २२ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची यंत्रणा उभारावी लागेल. दुसऱ्या बाजूच्या तज्ज्ञांच्या मते काम काही आठवड्यांचं होतं. ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने ऑगस्ट २०००मध्ये मॅग्वायर यांच्या बाजूने निर्णय दिला. समितीने तरीही काम पुरतं केलं नाही, म्हणून पुढे तिला २० हजार डॉलर भरपाई द्यावी लागली. ३६८ दिवसांचा हिशेब मांडण्यात गेलेल्या वेळात किती चित्रांना वर्णनं देऊन झाली असती, याची मोजणी मात्र कोणी केली नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या त्या वीस निर्देशांत आणखी एक आहे: ॲप किंवा वेबसाइट तयार करताना चाचणीत अंध व्यक्तींना सामील करून घ्या. आता हे पाळायचं म्हणजे काय होणार, ते कोणत्याही आयटी कंपनीच्या मीटिंगरूमचा अनुभव असलेल्याला डोळ्यांसमोर आणता येईल. एक अंध टेस्टर येतो, हेडफोन लावतो, टॅब दाबत जातो. खोलीत चहा फिरतो. प्रोजेक्ट मॅनेजर कौतुकाने बघत असतो.

"काय ऐकू येतंय, सर?" तो विचारतो.

"बटण," टेस्टर म्हणतो. "मग बटण. मग बटण. मग आणखी एक बटण."

"व्वा! म्हणजे सगळी बटणं सापडतायत."

"सापडतायत. यातलं पैसे पाठवायचं कोणतं आणि खातं बंद करायचं कोणतं?"

मीटिंगरूममध्ये सगळे आपापल्या लॅपटॉपकडे बघतात. संध्याकाळी इतिवृत्त ईमेलने फिरतं. मुद्दा पहिला: टेस्टरला ॲप वापरण्याचे प्रशिक्षण देण्यात यावे, अंदाजे कालावधी तीन आठवडे. मुद्दा दुसरा, नव्याने लागलेल्या एका ज्युनिअर मुलीने आग्रहाने घालायला लावलेला: बटणांना नावे द्यावीत, अंदाजे कालावधी अर्धा तास. पहिल्या मुद्द्याला त्याच रात्री मंजुरी मिळते. दुसरा पुढच्या तिमाहीत घ्यायचं ठरतं.